बीएमआय सोडून वजन कशावरून जोखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७१ किलो. एका ॲपवर बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४.६ म्हणजे 'सामान्य' असं आलं, दुसऱ्या ॲपवर तोच आकडा 'जास्त वजन' या रकान्यात पडला. घरच्या स्मार्ट काट्याने सकाळी चरबी २९ टक्के सांगितली, त्याच दिवशी संध्याकाळी २६. पॅन्ट ३४ ची लागते. वडिलांना मधुमेह आहे. म्हणून विचारताय की बीएमआयपेक्षा भरवशाचं काही आहे का, आणि माझं योग्य वजन नक्की किती.

मी फिजिशियन आहे. मधुमेह, रक्तदाब, फॅटी लिव्हर आणि वजन हे माझं रोजचं काम, आणि हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. पहिला, माझ्या अंगात चरबी किती आहे आणि ती कुठे साठली आहे? दुसरा, त्या चरबीमुळे शरीरात काही बिघडतंय का? 'योग्य वजन' विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दुसऱ्याचं उत्तर हवं असतं. बीएमआय पहिल्याचं अर्धंमुर्धं उत्तर देतो, दुसऱ्याचं देतच नाही. त्यामुळे बीएमआय काढून त्याच्या जागी दुसरा एखादा आकडा बसवला तरी तुम्ही फिरून तिथेच येणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या दोन निकालांचा घोळ मिटवू. गणित दोन्हीकडे बरोबर आहे: ७१ भागिले १.७ चा वर्ग, म्हणजे २४.६. फरक आहे तो रेघ कुठे मारली यात. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण वर्गवारी अशी: १८.५ ते २५ सामान्य, २५ पासून जास्त वजन, ३० पासून स्थूलता. पण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार याहून कमी बीएमआयला दिसू लागतात. म्हणून संघटनेच्याच तज्ज्ञगटाने २००४ साली या लोकांसाठी २३ आणि २७.५ असे जादा टप्पे सुचवले. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ च्या सहमतीत २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरली. तुमचं पहिलं ॲप जुनी रेघ वापरतं, दुसरं नवी.

रेघा अशाच सरकत आल्या आहेत. अमेरिकेत १९९८ पर्यंत जास्त वजनाची सुरुवात पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ पासून धरत. ती २५ वर आणली, तेव्हा लक्षावधी माणसं एक ग्रॅमही न वाढता जास्त वजनाची ठरली. मी हे रेघा खोट्या आहेत म्हणून सांगत नाही. धोका हळूहळू चढत जातो, कुठल्याही रेघेपाशी तो अचानक सुरू होत नाही, एवढंच सांगायचंय. २४.९ वाला निर्धास्त आणि २५.१ वाला आजारी असं काही नसतं. तुम्ही २४.६ ला आहात म्हणजे अशा पट्ट्यात आहात जिथे बीएमआय एकटा काहीच ठरवू शकत नाही.

आता बीएमआयचा दोष नेमका कुठे आहे ते पाहू, कारण पर्याय निवडायचा तर ते कळायला हवं. सूत्र बेल्जियमच्या अदोल्फ केतले यांचं, १८३० च्या दशकातलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. माणसांच्या मोठ्या समूहात उंचीबरोबर वजन कसं वाढतं हे ते शोधत होते, आणि प्रौढांमध्ये ते साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्यांना दिसलं. चरबी किंवा आजार हा त्यांचा विषयच नव्हता. पुढे १९७२ साली ॲन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळे निर्देशांक ताडून पाहिले, आणि या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यांचा दावाही माफक होता: पूर्ण समाधानकारक नसला तरी उंची-वजनावर काढलेल्या बाकी निर्देशांकांपेक्षा हा वाईट नाही. अभ्यासात बायका नव्हत्या, हेही ध्यानात ठेवा.

तरी बीएमआय टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. हजारो लोकांचा एकत्र अंदाज घ्यायला तो उत्तम आहे. उंची आणि वजन कुणीही, कुठेही, सारखंच मोजू शकतो. कंबरेचं तसं नाही, ते पुढे सांगते. शिवाय दोन्ही टोकांना तो फारसा चुकत नाही. बीएमआय ३६ असलेल्या माणसाच्या अंगात चरबी जास्त आहे हे सांगायला स्कॅन लागत नाही, आणि १६ असलेल्याला पोषण कमी पडतंय हेही उघड असतं. तो फसतो मधल्या भागात, साधारण २१ ते ३० मध्ये. आणि बहुतेक माणसं तिथेच असतात.

फसतो कसा, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. दोघांचाही डेक्सा स्कॅन (एक्स-रेने शरीरातली चरबी मोजणारी तपासणी) केला तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एक, आणि चरबी दुपटीहून जास्त. काटा स्नायू, हाडं, पाणी आणि चरबी एकत्र तोलतो. सूत्रात कंबर नाही, वय नाही, स्त्री की पुरुष हे नाही. त्यामुळे वजन उचलणारा खेळाडू 'जास्त वजनाचा' ठरतो आणि हातापायाच्या काड्या पण पोट पुढे आलेला माणूस 'सामान्य' ठरतो. माझ्यासमोर खेळाडू क्वचितच येतात. दुसऱ्या प्रकारची माणसं रोज येतात, आणि माझ्या मते बीएमआयचं खरं नुकसान तिथे आहे. खेळाडूला कुणी चुकून जाड म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही. पण सडपातळ दिसणाऱ्या माणसाला 'सामान्य' सांगितलं की तो दहा वर्षं शुगर तपासत नाही.

चरबी किती याहून ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं, ही गोष्ट फ्रान्सच्या ज्याँ व्हाग यांनी १९४७ सालीच मांडली होती. पोटावर चरबी साठणाऱ्यांत मधुमेह आणि धमन्यांचे आजार जास्त, मांड्या आणि नितंबांवर साठणाऱ्यांत कमी, हे त्यांचं निरीक्षण. कारण आता बरंच कळलं आहे. त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्यांवरची, ही शरीराची नेमून दिलेली साठवणीची जागा. गोदाम भरलं की माल दिसेल तिथे रचावा लागतो, तसं त्वचेखालची जागा पुरेनाशी झाली की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंत जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी फॅटी ॲसिड्स यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवाटे थेट यकृतात पोचतात. यकृत इन्सुलिनला जुमानेनासं होतं, गरज नसताना साखर सोडत राहतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढतात. ही साठवणीची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. काहींची ती ९५ किलोला संपते, काहींची ६८ लाच. वडिलांचा मधुमेह तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे तो यासाठी.

म्हणून बीएमआयनंतर पहिलं काय पाहावं असं विचाराल तर माझं उत्तर ठाम आहे: कंबर, आणि तीही उंचीच्या प्रमाणात. कंबरेचा घेर भागिले उंची, दोन्ही एकाच एककात. भागाकार ०.५ च्या आत हवा, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. ब्रिटनच्या मार्गरेट ॲशवेल यांनी हे प्रमाण वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि २०२२ साली तिथल्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने ते शिफारशींत घेतलं: ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ आणि पुढे धोका जास्त. बीएमआय ३५ च्या खाली असलेल्या प्रौढांसाठी ही शिफारस आहे. त्यापुढे कंबर मोजून नवीन काही कळत नाही. मला हे माप आवडतं कारण ते पुरुषाला, बाईला, वेगवेगळ्या वंशांच्या माणसांना जवळपास एकच रेघ लावतं, आणि कॅल्क्युलेटर नसला तरी चालतं. उंचीइतकी दोरी घ्या, मधोमध दुमडा आणि कंबरेभोवती फिरवून पाहा. टोकं जुळली नाहीत तर उत्तर मिळालं.

नुसती कंबरही पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रेघा पुरुषांना ९४ आणि १०२ सेंटिमीटर, बायकांना ८० आणि ८८. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० धरतात. अडचण एवढीच की १५० सेंटिमीटर उंचीच्या आणि १८५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला तीच रेघ लागते. उंचीने भागलं की ती अडचण बरीच सुटते.

आता कंबर मोजायची कशी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोकांनी घरून मोजून आणलेले आकडे आणि मी मोजलेले आकडे यांत सर्वांत जास्त तफावत इथेच दिसते.

पॅन्टचा नंबर ही कंबर नाही. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. पण पॅन्ट पोटाच्या खाली बसते. पोट पुढे येत जातं तसा पट्टा खाली सरकतो, आणि माणूस पंधरा वर्षं तोच नंबर घालत राहतो. त्यातून बऱ्याच कंपन्यांची पॅन्ट लेबलवरच्या आकड्याहून सैल असते. ३४ ची पॅन्ट घालणाऱ्या पुरुषांची कंबर मी मोजते तेव्हा ती ९० च्या पुढे निघणं अगदी नेहमीचं आहे.

मोजायची जागा अशी शोधा: बाजूला हात लावून सर्वांत खालच्या बरगडीची कडा चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, आणि दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. टेप त्या उंचीवर, जमिनीला समांतर. मागच्या बाजूने तो खाली घसरतो, म्हणून आरशात पाहा किंवा दुसऱ्या कुणाला पाहायला सांगा. उघड्या अंगावर किंवा एका पातळ कपड्यावर मोजा. पावलं थोडी फाकवून, वजन दोन्ही पायांवर. टेप अंगाला टेकेल इतपतच घट्ट, रुतेल इतका नाही. टेप पोटाला लागला की जवळपास प्रत्येक जण नकळत पोट आत घेतो. मी समोरच्याला एक ते पाचपर्यंत मोठ्याने मोजायला सांगते, पाच म्हटल्यावर नेहमीसारखा श्वास सुटतो, आणि त्या क्षणी आकडा वाचते. दोनदा मोजा, एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सकाळी, उपाशीपोटी, पोट साफ झाल्यावर. काही ठिकाणी कमरेच्या हाडाच्या काठालाच टेप धरतात, काही जण बेंबीवर. त्यामुळे आकड्यात दोन-चार सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. तुम्ही एक जागा धरा आणि दर वेळी तिथेच मोजा.

उंचीही नव्याने मोजा, जमल्यास सकाळी. तरुणपणी कधीतरी मोजलेली उंची लोक आयुष्यभर सांगत राहतात, आणि ती बहुतेक वेळा थोडी वाढवूनच सांगितलेली असते. वयाबरोबर ती कमीही होते.

तुमची उंची १७० म्हणजे रेघ ८५ ची. कंबर ८४ आली तर बीएमआय २४.६ असूनही मी फारशी काळजी करणार नाही. ९२ आली तर प्रमाण ०.५४, आणि मग पहिल्या ॲपने 'सामान्य' म्हटलं तरी मी पुढच्या तपासण्या करायला सांगेन. हाच फरक बीएमआयला दिसत नव्हता.

हे माप कुठे चालत नाही तेही सांगते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, पोटात पाणी झालेल्यांत, मोठा हर्निया किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांत, पाठीला बाक आलेल्या वृद्धांत त्यावर विसंबू नका. मुलांचं बीएमआय वयानुसार वाढीच्या तक्त्यावरच पाहायचं असतं. मोठ्यांचे २३-२५ त्यांना लावणं चूक. कंबर-उंचीचं प्रमाण मात्र पाच वर्षांपुढच्या मुलांत आधाराला घेता येतं.

बाकीची सूत्रं तुम्ही वाचली असतील. कंबर भागिले नितंबांचा घेर हे त्यांतलं जुनं आणि चांगलं, पुरुषांना ०.९० आणि बायकांना ०.८५ या रेघा. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात, २००५ साली, हृदयविकाराच्या झटक्याशी या प्रमाणाचा संबंध बीएमआयपेक्षा बराच घट्ट दिसला. तरी मी ते रोज वापरत नाही. दोन मापं म्हणजे चुकायच्या दोन जागा, आणि वजन उतरताना कंबर व नितंब दोन्ही कमी झाले तर प्रमाण हलत नाही. माणूस खट्टू होतो. २०१२ चा बॉडी शेप इंडेक्स आणि २०१३ चा बॉडी राउंडनेस इंडेक्स हे संशोधनाला ठीक. २०१८ चं रिलेटिव्ह फॅट मास हे मात्र घरी करण्याइतकं सोपं आहे: पुरुषांना ६४ वजा २० गुणिले उंची भागिले कंबर, बायकांना ६४ च्या जागी ७६. तुमची कंबर ९२ धरली तर उत्तर २७ टक्के येतं. पण त्यात शिरलं काय, तर तीच कंबर आणि तीच उंची. नवी माहिती नाही, जुनीच टक्केवारीत मांडली आहे.

आता तुमचा स्मार्ट काटा. तो चरबी मोजत नाही. एका तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून दुसऱ्या तळपायातून घेतो आणि वाटेतला अडथळा मोजतो. स्नायूंत पाणी भरपूर, त्यामुळे प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी कमी, म्हणून अडतो. या अडथळ्यावरून पाणी, पाण्यावरून चरबी सोडून उरलेलं शरीर, आणि ते वजनातून वजा करून चरबी. प्रत्येक पायरीला तुमचं वय, उंची आणि स्त्री-पुरुष घालून केलेला अंदाज आहे. रात्रभर पाणी न प्यायल्याने सकाळी शरीर थोडं कोरडं असतं, म्हणून आकडा वर. संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलेलं असतं, उभं राहून पायांत उतरलेलं असतं, म्हणून खाली. तुमच्या २९ आणि २६ चं कोडं एवढंच आहे. एका दिवसात ३ टक्के, म्हणजे दोन किलोहून जास्त चरबी, कुणाचीही कमी होत नाही. शिवाय पायापायाने मोजणाऱ्या काट्याचा प्रवाह मुख्यतः पाय आणि कमरेचा खालचा भाग यांतूनच जातो. ज्या पोटाची आपल्याला काळजी, त्याचा त्यात बराचसा तर्कच असतो. आणि 'व्हिसरल फॅट लेव्हल ९', म्हणजे आतड्यांभोवतीच्या चरबीची पातळी, असं जे दाखवतो, तेही मोजलेलं नसतं. काटा फेकून देऊ नका. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच परिस्थितीत उभे राहा आणि दोन-तीन महिन्यांचा कल पाहा. सुटा आकडा सोडून द्या.

डेक्सा स्कॅन याहून पुष्कळ चांगला. दोन वेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे वापरून हाडं, चरबी आणि बाकीचा भाग वेगळे काढतो, किरणोत्सार अगदी कमी. पण तुमच्यासारख्याला मी तो सहसा करायला सांगत नाही. आलेल्या टक्केवारीचं करायचं काय, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. पुरुषाला २५ टक्के आणि बाईला ३५ टक्के अशा रेघा सगळीकडे उद्धृत होतात, पण बीएमआयच्या रेघांइतकाही आधार त्यांना नाही. आणि स्कॅनने २७ सांगितलं काय किंवा ३० सांगितलं काय, तुम्हाला माझा सल्ला बदलणार नाही. ज्या तपासणीने पुढचं पाऊल बदलत नाही ती करू नये. अपवाद आहेत: वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया किंवा औषधं घेणाऱ्याचे स्नायू किती गेले हे पाहायचं असेल, किंवा हाडं ठिसूळ झाल्याचा संशय असेल, तर जरूर करावा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, बीएमआयने तुम्ही मधल्या धूसर पट्ट्यात आहात एवढं कळलं, टेपने चरबी पोटात आहे की नाही ते कळेल, आणि स्मार्ट काटा फक्त कल पाहायला. पहिला प्रश्न इथे संपतो.

दुसरा, म्हणजे काही बिघडतंय का, याचं उत्तर टेपजवळ नाही. त्यासाठी रक्तदाब, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि यकृताची एन्झाइम्स एवढं पुरतं. पाच गोष्टी एकत्र पाहतात: कंबर वाढलेली, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटीची शुगर १०० किंवा जास्त. यांतल्या तीन जुळल्या तर मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात, आणि मग बीएमआय २२ असला तरी ते वजन त्या शरीराला जड होतंय असं मी समजते. एन्झाइम्स नॉर्मल आली म्हणून फॅटी लिव्हर नाही असं होत नाही; कंबर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढलेली असतील तर सोनोग्राफी करून घ्यावी. आणि दोन प्रश्न मी नेहमी विचारते: घोरता का, झोप होऊनही दिवसा डोळे मिटतात का? जिना चढताना गुडघे किंवा दम, आधी काय बोलतं?

अशा विचाराला आता मोठ्या मंचांवरही जागा मिळाली आहे. २००९ साली अरिया शर्मा आणि रॉबर्ट कुशनर यांनी एडमंटन पायऱ्या सुचवल्या. त्यांत स्थूल माणसाची पायरी वजनावर न ठरवता आजार, हालचाल आणि मनःस्थिती यांवर ठरवतात, शून्य ते चार. जून २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने बीएमआय एकटा वापरू नये असं धोरण घेतलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने सुचवलं की चरबी जास्त आहे हे आधी कंबरेसारख्या मापाने पक्कं करा, मग अवयवांवर परिणाम झाला असेल तर क्लिनिकल स्थूलता म्हणा, झाला नसेल तर प्रीक्लिनिकल. नावांवर वाद चालू राहतील. पण मोजमाप आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या हे मला फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी मागे पडते, ती म्हणजे स्नायू. तुमच्या वयाला हा प्रश्न तातडीचा नाही, पण घरात साठीपुढचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी वाचा. वय वाढतं तसे स्नायू झडतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन तेवढंच, बीएमआय तेवढाच, माणूस मात्र कमकुवत. पाळी गेल्यानंतर बायकांत वजन न बदलताही चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, तेही काट्याला कळत नाही. अशा वेळी मी ताकद पाहते. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, हाताची पकड पुरुषात २८ किलोच्या आणि बाईत १८ किलोच्या खाली आली, पोटरीचा घेर पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरच्या आत असला, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यायचा. अशा माणसाला 'थोडं वजन उतरवा' हा सल्ला घातक ठरू शकतो. सत्तरीत बीएमआय २५-२६ आणि चालणं-उठणं ठणठणीत असेल तर मी त्या वजनाला हात लावत नाही.

आता तुमचं. योग्य वजन किती, याला मी किलोत उत्तर देणार नाही, कारण रिपोर्ट पाहिल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजपंचे असेल. पण मार्ग सांगते. कंबर ८५ च्या आत, रक्तदाब आणि रिपोर्ट चांगले: तुमचं योग्य वजन ७१ हेच आहे, वडिलांच्या मधुमेहामुळे वर्षातून एकदा शुगर तपासा आणि वजन सांभाळा. कंबर ८५ ते ९० च्या आसपास, रिपोर्ट चांगले: वजनाकडे दुर्लक्ष करा, आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम आणि रोजचं चालणं सुरू करा, तीन महिन्यांनी टेप घ्या. माझ्याकडे अशी माणसं नेहमी येतात ज्यांचं वजन तीन महिन्यांत हललेलं नसतं आणि ती निराश होऊन बसतात. टेप लावला तर कंबर चार सेंटिमीटर उतरलेली आणि ट्रायग्लिसराइड खाली आलेले. काट्यावर भरवसा ठेवला असता तर त्यांनी सगळं सोडून दिलं असतं.

कंबर ९० च्या पुढे किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर मात्र वजन उतरवायला हवं. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजनाच्या ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ते लोक तुमच्याहून बरेच जाड होते, म्हणून आकडा जसाच्या तसा लागू पडेल असं नाही, पण तुमच्या ७१ किलोचे ७ टक्के म्हणजे ५ किलो होतात. मी ३ ते ५ किलो म्हणेन, सहा महिन्यांत, आणि यश मोजायचं ते कंबरेवर आणि पुन्हा केलेल्या रिपोर्टवर. ६६ किलोला शुगर आणि ट्रायग्लिसराइड जागेवर आले तर तिथे थांबा, कुठलं ॲप २२ म्हणो की २३.

कंबर महिन्यातून एकदाच मोजा, रोज नको. दिवसागणिक ती एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे होतेच. आणि खाण्यात किंवा व्यायामात काही बदल न करता वजन सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, तुमच्या बाबतीत साडेतीन किलोच्या वर, तर कंबर रेघेच्या आत आली म्हणून खूश होऊन बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. वडिलांना मधुमेह आहे म्हणून त्यात शुगर सर्वांत आधी तपासायची.